जुन्या गाडीचे मीटर नव्या ईसीयूला कसे जोडावे

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरासमोर नानांची एस्टीम उभी असते. ती १९९० च्या दशकातली, कार्बुरेटरची. तिचे इंजिन दुसऱ्यांदा बोअर करण्याच्या पलीकडे गेले, तेव्हा त्याच कंपनीचे पुढच्या काळातले फ्युएल इंजेक्शनचे इंजिन, त्याचे वायरिंग हार्नेस आणि ईसीयू, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारा छोटा संगणक, असा सगळा संच आम्ही बसवला. इंजिन पहिल्याच चावीला सुरू झाले, परंतु डॅशबोर्डवरचे मीटर मात्र जवळजवळ मुके झाले होते. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा शून्यावर होता, तापमानाचा काटा हलत नव्हता आणि चार्जिंगचा दिवा विझत नव्हता. त्या जागी नवे डिजिटल मीटर बसवावे किंवा काचेजवळ मोबाइल चिकटवून त्यावर आकडे पाहावेत, असा सल्ला अनेकांनी दिला. तो मी मानला नाही, कारण नानांना तो प्रत्येक काटा कोठे असायला हवा हे रस्त्यावरची नजर न हलवता कळते, आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाला ही सवय बदलायला सांगणे मला धोक्याचे वाटले. जुनेच मीटर नव्या ईसीयूशी कसे जुळवले, ते या लेखात क्रमाने मांडले आहे. गाडी दुसरी असली, तरी तत्त्वे तीच राहतील.

इंजिन बदलण्यापूर्वी एक काम कागदावर करावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, म्हणून आरटीओची परवानगी आधी घ्यावी आणि नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवून घ्यावा. त्यासाठी इंजिनाच्या खरेदीची कागदपत्रे लागतात, ती जपून ठेवावीत. मीटर उघडण्यापूर्वी ओडोमीटरच्या आकड्याचा तारखेसह फोटोही काढून ठेवावा.

मीटर काय मागते, ते आधी लिहून काढावे

घाईत माणूस थेट वायरी कापायला लागतो, आणि तेथेच चूक होते. मीटर म्हणजे एकच यंत्र नव्हे. एका काचेखाली बसवलेली पाच-सहा स्वतंत्र उपकरणे असतात आणि प्रत्येकाची मागणी वेगळी असते. मीटर बाहेर काढून मागच्या बाजूचे कनेक्टर पाहावेत, प्रत्येक पिनचा वायर-रंग वहीत लिहावा आणि मल्टिमीटरने ती वायर कोठे जाते ते शोधावे. या कामाला मला एक अख्खा रविवार लागला, परंतु पुढचे सगळे काम त्या एका पानावर उभे राहिले.

जुन्या मीटरमध्ये साधारणपणे पुढील गोष्टी सापडतात. आरपीएमच्या काट्याला, प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलच्या निगेटिव्ह टोकावरचे विजेचे ठोके हवे असतात. तापमान आणि पेट्रोल यांच्या काट्यांना सेंडरमार्फत (तापमान किंवा पातळीनुसार रोध बदलणारा भाग) अर्थकडे, म्हणजे गाडीच्या धातूच्या अंगातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे, जाणारा कमी-जास्त रोध हवा असतो. ऑइल आणि चार्जिंगच्या दिव्यांना केवळ अर्थ मिळणे किंवा न मिळणे पुरते. वेगाचा काटा बहुतेक वेळा गिअरबॉक्समधून येणाऱ्या फिरत्या केबलवर चालतो आणि त्याचा विजेशी संबंधच नसतो.

नवा ईसीयू यांपैकी काहीच त्या रूपात देत नाही. त्याच्याकडे सगळी माहिती असते, परंतु ती कॅन बस नावाच्या दोन पिळलेल्या वायरींवरून आकड्यांच्या रूपात धावते. ही पद्धत बॉशने १९८६ मध्ये जाहीर केली. भारतात प्रवासी गाड्यांच्या बाबतीत निदानासाठीचे ओबीडी-२ हे मानक २०१३ पासून लागू झाले, आणि त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या ईसीयूशी कॅनवरून ठरावीक भाषेत बोलता येते.

येथे एक निर्णय सुरुवातीलाच घ्यावा, आणि मला तो या संपूर्ण कामातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅनवरून सगळी माहिती मिळते म्हणून सगळे काटे एका छोट्या इलेक्ट्रॉनिक डबीवर सोपवण्याचा मोह होतो. तो टाळावा. ऑइलचा दिवा आणि तापमानाचा काटा या दोन गोष्टी इंजिन वाचवतात, त्यामुळे त्यांना जुन्या पद्धतीचे स्वतंत्र सेंडर आणि स्वतंत्र वायर द्यावी. डबीकडे फक्त आरपीएम आणि चेक इंजिनचा दिवा ठेवावा. डबी उद्या बंद पडली तरी गाडी चालवणाऱ्याला इंजिन तापल्याचे कळले पाहिजे.

चेक इंजिनचा दिवा सर्वप्रथम

कार्बुरेटरच्या गाडीच्या मीटरमध्ये चेक इंजिनचा दिवा नसतो, परंतु चोकचा असतो. इंजेक्शनच्या इंजिनाला चोक लागत नाही, म्हणजे ती पिवळ्या काचेची खिडकी रिकामीच राहते. आम्ही तीच वापरली. बल्ब काढून पाहिला, होल्डरच्या पत्र्यावरची काजळी बारीक सॅंडपेपरने घासली आणि तेथे येणारी वायर मोकळी करून घेतली.

काही ईसीयूंमधून या दिव्यासाठी स्वतंत्र वायर येते. दोष आढळला की ईसीयू ती वायर अर्थला जोडतो, तेव्हा बल्बचे एक टोक चावीच्या सप्लायला आणि दुसरे या वायरीला जोडले की काम संपते. नव्या गाड्यांत मात्र ही सूचनाही कॅनवरूनच जाते, आणि मग पुढे सांगितलेली डबी लागते.

हा दिवा सर्वांत आधी जोडावा असे मी आग्रहाने सांगतो, कारण मी तो शेवटी ठेवला होता आणि त्याची किंमत मोजली. तापमानाच्या काट्यासाठी वेगळा सेंडर बसवण्याचा खटाटोप टाळावा म्हणून मी काट्याची वायर सरळ ईसीयूच्या कूलंट सेन्सरलाच जोडली. गाडी सुरू झाली, परंतु रेडिएटरचा पंखा थांबेना, सायलेन्सरमधून काळसर धूर येऊ लागला आणि पेट्रोलचा वास घरात पोहोचला. दोन दिवस मी इंजेक्टर आणि प्लग तपासत बसलो. शेवटी ईसीयूने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, तेव्हा पी०११८ हा कोड निघाला, म्हणजे कूलंट सेन्सरच्या वायरीवर मर्यादेपेक्षा जास्त व्होल्टेज. ईसीयू त्या सेन्सरला आतून एका रोधामार्फत फक्त ५ व्होल्ट देतो आणि परत येणारे व्होल्टेज मोजून तापमान ठरवतो. जुन्या काट्याच्या गुंडाळीतून मात्र त्याच वायरीवर १२ व्होल्टचा सप्लाय येत होता. सेन्सर बिघडला आहे असे समजून ईसीयूने पंखा कायम चालू ठेवला आणि ठोकताळ्याने पेट्रोल सोडले. ईसीयू जळला नाही हे नशीब. एक सेन्सर दोघांमध्ये कधीही वाटून घेऊ नये.

तापमानाचा काटा

जुना एकवायरी सेंडर नव्या इंजिनावर बसवणे हाच सरळ मार्ग आहे. इंजिनाच्या वॉटर आउटलेटवर बूच मारलेले एखादे जादा छिद्र मिळाले, तर उत्तम. आटे जुळत नसतील, तर खरादवाल्याकडून पितळी ॲडॅप्टर करून घ्यावा. जुन्या जपानी धाटणीच्या सेंडरवर आणि ऑइल स्विचवर बहुधा १/८ बीएसपीटी आटे असतात, ते इंचाला २८ असतात. बाजारात सहज मिळणाऱ्या १/८ एनपीटीला २७ असतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, दोन-तीन फेरे बसतातही, आणि मग अडकतात. तेथे पान्याने जोर लावला, तर ॲल्युमिनियमचे आटे उपटून हातात येतात. थ्रेड गेज लावून खात्री करावी.

एकवायरी सेंडर आपल्या धातूच्या अंगातून अर्थ घेतो. त्यामुळे त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळू नये, नाहीतर अर्थ तुटतो आणि काटा मेल्यासारखा पडून राहतो. सीलंटचा पातळ थर पुरतो.

इंजिनावर जागाच नसेल, तर रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये धातूचा टी-जॉइंट बसवता येतो. मात्र दोन्ही बाजूंना रबर असल्यामुळे तो जॉइंट विजेच्या दृष्टीने अधांतरी असतो. त्याच्या अंगाला लग लावून स्वतंत्र वायर इंजिन ब्लॉकपर्यंत आणावी. थर्मोस्टॅट इंजिनाच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी असेल, तर तो उघडेपर्यंत वरच्या होजमध्ये गरम पाणी येत नाही, म्हणून सुरुवातीला काटा थंड दिसणे स्वाभाविक आहे. याहून गंभीर गोष्ट अशी की पाणी गळून गेले, तर त्या उंचीवरचा सेंडर हवेत राहतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. म्हणून मी इंजिनावरच्या जागेला नेहमी पसंती देतो.

सेंडर आणि काटा दोन्ही मूळ जोडीतले असतील, तर नव्याने मोजमाप करण्याची गरज नाही, परंतु पडताळणी जरूर करावी. आम्ही ती स्वयंपाकघरात केली. सेंडरला दोन वायरी जोडून तो तारेने पातेल्यात अशा रीतीने टांगला की तो तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर सोडला, आणि पाणी तापत असताना दर दहा अंशांना रोध लिहीत गेलो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्यामुळे आमच्याकडे पाणी १०० ला उकळत नाही, सुमारे ९८ अंशांनाच उकळते. वहीतला शेवटचा आकडा लिहिताना हे ध्यानात ठेवावे. तापमान वाढेल तसा रोध सलग कमी होत गेला पाहिजे. मध्येच उडी आली, तर सेंडर बदलावा. नंतर मीटर टेबलावर ठेवून, त्याला १२ व्होल्ट देऊन, सेंडरच्या जागी त्याच मूल्यांचे रोध एकामागून एक लावले आणि ८० ते ९० अंशांच्या रोधाला काटा मध्यावर थांबतो की नाही ते पाहिले.

काही जुन्या मीटरमध्ये तापमान आणि पेट्रोलच्या काट्यांसाठी आत एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. हे दोन्ही काटे एकाच वेळी वर चढत किंवा खाली पडत असतील, तर सेंडरला दोष देण्यापूर्वी तो तपासावा. त्याचीही अर्थ बहुधा मीटरच्या पाठीवरच्या एखाद्या स्क्रूमधूनच येते.

ऑइल, चार्जिंग आणि पेट्रोल

ऑइलच्या दिव्याचे काम सोपे आहे. दाब नसताना स्विच अर्थला जोडलेला असतो आणि दिवा लागतो. दाब आला की स्विच उघडतो आणि दिवा विझतो. नव्या इंजिनावर येणारा स्विचही बहुतेक वेळा याच पद्धतीचा असतो, म्हणून जुनी वायर त्याला लावली की पुरते. तपासणी दोन्ही बाजूंनी करावी: वायर काढून अर्थला लावली की दिवा लागला पाहिजे आणि मोकळी सोडली की विझला पाहिजे. त्यानंतर इंजिन सुरू करून काही सेकंदांत तो विझतो का, ते पाहावे.

चार्जिंगच्या दिव्यात एक बारकावा आहे. जुन्या अल्टरनेटरमध्ये त्या बल्बमधून जाणारा थोडासा प्रवाहच अल्टरनेटरला जागे करतो. कोणी हौसेने तेथे एलईडी बसवला असेल, तर प्रवाह अपुरा पडतो आणि इंजिन जोरात फिरवेपर्यंत चार्जिंग सुरूच होत नाही. अशा वेळी मूळ फिलामेंटचा बल्ब परत लावावा, किंवा एलईडीला समांतर ४७ ते १०० ओहमचा रोध जोडावा. चावी चालू आणि इंजिन बंद असताना त्या रोधावर अडीच-तीन वॅट उष्णता पडू शकते, म्हणून तो किमान ५ वॅटचा घ्यावा आणि प्लॅस्टिकपासून दूर ठेवावा. काही नव्या अल्टरनेटरचे नियंत्रण ईसीयू स्वतः करतो आणि त्यांवर दिव्याचे टोकच नसते. तेथे जबरदस्तीने १२ व्होल्ट देऊ नये. आमच्या इंजिनावर जुन्याच बैठकीत बसणारा साधा अल्टरनेटर चालला, म्हणून आम्ही तोच ठेवला.

पेट्रोलच्या काट्याचा ईसीयूशी संबंध नाही. इंजेक्शनसाठी टाकीत नवा पंप बसवताना त्याच्यासोबत येणारा फ्लोट वापरू नये. जुना फ्लोट जुन्या काट्याच्या ओळखीचा आहे, तोच राहू द्यावा.

वेगाचा काटा

गिअरबॉक्स जुनाच असेल, तर केबल जशीच्या तशी राहते आणि काटा बिनचूक चालतो. अडचण उलट्या बाजूने येते, कारण ईसीयूलाही वेग कळावा लागतो. तो कळला नाही, तर काही गाड्यांत सिग्नलजवळ थांबताना आयडलिंग डगमगते. जपानी मानकाच्या गाड्यांत केबल दर किलोमीटरला ६३७ फेरे फिरते आणि एका फेऱ्याला चार ठोके देणारा सेन्सर घेतला, तर दर किलोमीटरला २,५४८ ठोके मिळतात. ताशी ६० किलोमीटरला ते सेकंदाला साधारण साडेबेचाळीस होतात. केबलच्या मध्ये बसणारे असे सेन्सर मिळतात. त्या काळच्या काही मीटरमध्ये स्पीडोमीटरच्या पाठीमागेच चार ठोक्यांचा, चुंबकाने चालणारा रीड स्विच असतो, तो आपल्या मीटरमध्ये आहे का ते विकत घेण्यापूर्वी पाहावे.

आरपीएमचा काटा, आणि त्यासाठीची डबी

खरी गुंतागुंत येथे आहे. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्याला दोन स्फोट होतात. एकच कॉइल असलेल्या जुन्या गाडीत तिच्या निगेटिव्ह टोकावर एका फेऱ्याला दोन ठोके मिळतात, आणि कॉइलमधला प्रवाह तुटतो त्या क्षणी तेथे शेकडो व्होल्टचा झटका येतो. जुना काटा त्या झटक्याला सरावलेला असतो. नव्या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. तिला ईसीयूकडून फक्त ५ व्होल्टचा इशारा जातो, आणि तोही दोन फेऱ्यांत एकदाच. एका कॉइलची वायर काट्याला जोडणारे पाहतात तेव्हा काटा एकतर हलत नाही किंवा चौथा हिस्सा दाखवतो. तीन सिलिंडरचे इंजिन असेल, तर ईसीयूकडून येणारा आरपीएमचा सिग्नलही चार सिलिंडरच्या काट्यावर ३,००० ऐवजी २,२५० दाखवेल.

ईसीयूमधून आरपीएमची स्वतंत्र वायर निघत असेल, तर आधी ती वापरून पाहावी. अशी वायर बहुधा फक्त अर्थला जोडणारी असते, म्हणजे ती स्वतः व्होल्टेज देत नाही. तिला १ ते १० किलोओहमच्या रोधाने १२ व्होल्टशी बांधले की काट्याला समजेल असे चौकोनी ठोके तयार होतात. अनेकांचे काम येथेच संपते.

आमच्या ईसीयूला ती वायर नव्हती. त्यामुळे कॅनवरून आकडा वाचून त्याचे ठोके करणारी डबी बनवावी लागली. त्यासाठी एक आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड), एमसीपी २५१५ चे कॅन मॉड्यूल, १२ चे ५ व्होल्ट करणारे बक कन्व्हर्टर, काही ट्रान्झिस्टर आणि एक छोटा रिले एवढेच साहित्य लागले. सुटे भाग जेल रोडच्या दुकानांतून मिळाले, फ्यूज होल्डर आणि लग महाराणी रोडवरून.

आधी कॅनच्या वायरी ओळखाव्यात. ओबीडी कनेक्टरमध्ये पिन ६ कॅन-हाय, पिन १४ कॅन-लो, पिन ४ आणि ५ अर्थ, आणि पिन १६ बॅटरीचा सप्लाय असतो. बॅटरीचे टोक काढून ६ आणि १४ यांमधला रोध मोजावा. बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध असतात, त्यामुळे मल्टिमीटरवर सुमारे ६० दिसायला हवे. १२० दिसले, तर एक टोक सुटले आहे. येथे कॅन मॉड्यूलवरच्या जंपरकडे विशेष लक्ष द्यावे: त्यातही १२० ओहमचा रोध दडलेला असतो, आणि जंपर तसाच ठेवला तर बसवर ४० ओहम होतात. तो काढून टाकावा. डबीपर्यंतच्या दोन्ही वायरी एकमेकींभोवती, दर तीन सेंटीमीटरला साधारण एक, अशा पिळून घ्याव्यात आणि मुख्य बसपासून डबीपर्यंतची ही फांदी एक फुटाच्या आत ठेवावी.

आता संभाषण. डबी ७डीएफ या क्रमांकावर "०२ ०१ ०सी" असा प्रश्न पाठवते आणि इंजिनाचा ईसीयू ७ई८ वर "०४ ४१ ०सी" यानंतर दोन बाइट देतो. पहिल्या बाइटला २५६ ने गुणून त्यात दुसरा मिळवावा आणि चारने भागावे. हे आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पटीच्या, पद्धतीचे असतात. उत्तरात "०सी ८०", म्हणजे १२ आणि १२८, आले, तर बाराला २५६ ने गुणून ३,०७२, अधिक १२८ म्हणजे ३,२००, आणि चारने भागल्यावर ८०० आरपीएम. हा प्रश्न सेकंदाला दहा वेळा विचारला की काटा डोळ्यांना सलग फिरताना दिसतो. पीआयडी म्हणजे हव्या त्या माहितीचा क्रमांक, आरपीएमचा ०सी. पीआयडी ०१ विचारले, तर उत्तराच्या पहिल्या बाइटचा सर्वांत वरचा बिट चेक इंजिनचा दिवा लावायचा की नाही ते सांगतो. हे दोन प्रश्न सोडून बसवर दुसरे काहीही पाठवू नये.

ठोके किती, याचे गणित सोपे आहे: आरपीएमला तीसने भागले की सेकंदाला किती ठोके हवेत ते मिळते. ३,००० ला १००, ६,००० ला २००. परंतु ८०० ला २६.७ होतात, आणि येथे मी अडखळलो. आर्डुइनोमधले टोन हे तयार फंक्शन नॅनोवर ३१ हर्ट्झच्या खाली जात नाही, म्हणजे सुमारे ९३० आरपीएमपेक्षा खालचे आयडलिंग ते दाखवूच शकत नाही. गाडी उभी असताना काटा निरर्थक थरथरत होता आणि क्लच सोडला की शहाण्यासारखा चालत होता. उपाय म्हणून टोन सोडून १६ बिटांचा टायमर-१ वापरला. १६ मेगाहर्ट्झला ६४ ने भागले की सेकंदाला अडीच लाख मोजण्या मिळतात. त्यांना इष्ट वारंवारतेच्या दुपटीने भागून एक वजा केला की टायमरमध्ये भरायचा आकडा तयार होतो. ८०० आरपीएमला तो सुमारे ४,६८६ येतो. त्या दिवसापासून आयडलिंगचा काटा स्थिर उभा राहिला.

डबीतून काट्याकडे जाणारा ठोका ट्रान्झिस्टरने अर्थला ओढून आणि १ किलोओहमने १२ व्होल्टला बांधून द्यावा. तरीही काटा हलला नाही, तर तो मोठ्या झटक्याची वाट पाहत आहे असे समजावे. काही जण रिलेच्या गुंडाळीतून तसा झटका तयार करतात. ती युक्ती चालते, परंतु तो झटका डबीतल्या नाजूक भागांपर्यंत पोहोचून प्रोग्राम पुन्हा पुन्हा सुरू होतो, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी काट्याच्या बोर्डावर सिग्नल येतो तेथला मोठा रोध शोधून त्याला समांतर लहान रोध जोडावा आणि टेबलावर ठोके देऊन पाहत तो हळूहळू कमी करावा. २६.७, ५०, १००, १५० आणि २०० हर्ट्झ देऊन ८००, १,५००, ३,०००, ४,५०० आणि ६,००० ची पडताळणी केल्यावरच मीटर गाडीत बसवावे. काटा बोटाने फिरवू नये आणि उपटून पुन्हा बसवू नये.

प्रोग्राममध्ये दोन गोष्टी कटाक्षाने असाव्यात. ईसीयूकडून अर्ध्या सेकंदात उत्तर आले नाही, तर ठोके बंद करून काटा शून्यावर आणावा. शेवटचा आकडा धरून ठेवलेला काटा गाडी चालवणाऱ्याला फसवतो. दुसरे, चेक इंजिनचा बल्ब रिलेच्या नॉर्मली क्लोज्ड (रिले सोडलेला असताना जोडलेल्या) संपर्कातून जोडावा, म्हणजे सर्व ठीक असताना डबी रिले ओढून दिवा विझवते, आणि दोष आढळला, संपर्क तुटला किंवा डबीच बंद पडली, तरी दिवा आपोआप लागतो. चावी फिरवल्यावर पहिले तीन सेकंद रिले सोडलेला ठेवला की बल्ब शाबूत आहे हेही रोज दिसते. रिलेच्या गुंडाळीवर १एन४००७ डायोड उलटा लावायला विसरू नये.

डबीचा सप्लाय चावीच्या वायरीवरून १ ॲम्पिअरच्या फ्यूजमधून घ्यावा, ओबीडीच्या पिन १६ वरून घेऊ नये, कारण ती कायम चालू असते आणि महिनाभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरते. फ्यूजनंतर व्होल्टेजचे झटके शोषणारा एक टीव्हीएस डायोड असावा. डबी, मीटर आणि ईसीयू यांच्या अर्थमध्ये फरक राहू नये: इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू असताना मीटरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजावे. ते ०.१ व्होल्टपेक्षा जास्त निघाले, तर जाड वायर टाकून अर्थ सुधारावी. हेडलाइट लावल्यावर सगळे काटे एकदम हलतात, त्याचे मूळ जवळजवळ नेहमी येथेच असते.

स्कॅनरवर यू०१५५ कोड दिसला, तर घाबरू नये. ईसीयूला त्याच्या मूळ गाडीचे कॅनवरचे मीटर सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. परंतु इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडत असेल, तर ते इमोबिलायझरचे, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेचे, लक्षण आहे. त्यासाठी मूळ गाडीची किल्ली, ती ओळखणारी कुलपाभोवतीची अँटेना रिंग आणि इमोबिलायझरचा डबा संचासोबतच घ्यावा लागतो.

रस्त्यावरची पडताळणी

पहिली फेरी आम्ही बायपासवर केली. शेजारी बसलेल्या माझ्या मुलाने जीपीएसवर वेग पाहायचा आणि मी ४०, ६० आणि ८० वर काटा धरून ठेवायचा, असे ठरले. काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवत असेल तर चालते, कमी कधीही दाखवता कामा नये. टायरचा आकार बदललेला असेल, तर हा फरक येथेच पकडला जातो.

दुसरी फेरी सिमरोलच्या भेरू घाटात, मे महिन्याच्या दुपारी, एसी लावून. चढावर तापमानाचा काटा मध्याच्या किंचित वर गेला, पंखा लागल्यावर खाली आला, आणि त्याच वेळी स्कॅनरवर ईसीयूचे स्वतःचे तापमान ९६ वरून ९१ वर उतरताना दिसले. दोन वेगवेगळ्या सेन्सरांनी एकच गोष्ट सांगितली, तेव्हा नानांनी मागच्या सीटवरून "आता जमलं" एवढेच म्हटले.

महिन्याभराने सर्व लग आणि कनेक्टर पुन्हा हाताने ओढून पाहावेत, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर डबीचे झाकण उघडून आत ओल आली आहे का, ते तपासावे. आमच्या डबीत वायरींच्या बाजूने पाणी उतरले होते, म्हणून आम्ही ती उलटी करून वायरी खालून आणल्या आणि प्रत्येक वायरीला डबीत शिरण्यापूर्वी एक झोल दिला. पिन, रंग आणि रोधांची मूल्ये लिहिलेल्या पानाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली आहे, कारण पुढच्या वेळी मीटर उघडणारा माणूस मीच असेन असे नाही.